मदत हवी आहे: अणुवीज आणि सौरऊर्जा खर्चाच्या एकाच मापाने कशी मोजायची?

अणुवीज, सौर आणि कोळसा यांची तुलना एक्सेलमध्ये मांडतोय. कार्बनचा रकाना झाला: आयपीसीसीच्या (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०१४ च्या अहवालातले मध्यक घेतलेत, कोळसा प्रतियुनिट ८२० ग्रॅम, अणुवीज १२. तिथे शंका नाही.

गाडी अडलीय खर्चापाशी. १००० मेगावॉटची अणुभट्टी ९० टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला साधारण ७८८ कोटी युनिट देते. तेवढंच सौर २० टक्क्यांनी १७५ कोटी. म्हणून सौर साडेचार पट धरलं. वर्षाची बेरीज जुळली, पण रात्री आठच्या ओळीत शून्यच! चार तासांची बॅटरी जोडून पाहिली. सलग ढगाळ आठवडा आला की तीही अपुरी पडते.

दुसरा घोळ व्याजदराचा. भट्टीचं आयुष्य ६० वर्षं धरून दर ३ वरून १० टक्के केला, की बाकी एकही आकडा न बदलता भांडवलाचा वार्षिक हप्ता पावणेतीन पट होतो. त्यात बांधकाम लांबतं ते वेगळंच. फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ चं काम २००५ ला सुरू झालं, नियमित वीज २०२३ ला.

इंधन, कचरा, भट्टी मोडीत काढणं हे सगळं धरलंय. अपघाताचा धोका महत्त्वाचाच आहे, पण तो मी स्वतंत्र मांडणार आहे, त्यामुळे इथे नको.

नेमकं हे हवंय: साठवणीचा आणि राखीव क्षमतेचा खर्च सौरच्या युनिटवर चढवायचा, की संपूर्ण ग्रिडचा म्हणून वेगळा दाखवायचा? आणि ६० वर्षांच्या भट्टीला व २५ वर्षांच्या पॅनलला एकच व्याजदर लावणं बरोबर आहे का?