पाहुणे आले की तुम्ही त्यांना मुंबई कशी दाखवता?

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी म्हणजे मुंबईकरांच्या घरी पाहुण्यांचे दिवस. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, जुहू असा ठरलेला फेरा होतो आणि पाहुणा गाडीत बसतो. या फेऱ्यात मुंबईची माणसं, त्यांची कामं, त्यांच्या वाड्या येतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. तुमच्या भागातली एखादी जागा सांगा, तिथे कधी जावं ते सांगा आणि तुमचं तिच्याशी काय नातं आहे तेही लिहा. नावाऐवजी वर आपला भाग किंवा गाव लिहा. सुरुवात मीच करते.

गिरगाव

माझं माहेर ठाकूरद्वारचं. पाहुण्यांना चर्नी रोडला उतरवून मी सकाळी आधी खोताच्या वाडीत नेते. बाहेरून चढणारे लाकडी जिने, नक्षीदार कठडे, ओट्यावरच्या आरामखुर्च्या, कोपऱ्यावर क्रूस. ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची राहती घरं आहेत, तेव्हा हळू बोलावं आणि कुणाच्या ओट्यात मोबाइल खुपसू नये. तिथून केशवजी नाईकांच्या चाळी. मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 साली इथे सुरू झाला आणि 1901 मध्ये स्वतः लोकमान्य इथे आले होते. आजही मूर्ती लहानच असते आणि पालखीतून निघते. मोठमोठ्या मूर्तींच्या रांगेत उभं राहण्याआधी पाहुण्यांनी हा गणपती बघावा असा माझा आग्रह असतो.

मग फणसवाडीत विनय हेल्थ होमची मिसळ आणि ऊन उतरल्यावर चौपाटी. टिळकांचा पुतळा भेळ खाताना सगळेच बघतात, पण 1 ऑगस्ट 1920 ला ते गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले, हे बहुतेकांना माहीत नसतं. मी सांगते तेव्हा लहान मुलंसुद्धा क्षणभर गप्प होतात.

डोंबिवली

माझा मुद्दा लोकलचा. पाहुण्यांना लोकलमधून न्यायला लोक घाबरतात, पण मला वाटतं लोकल टाळली तर मुंबई बघितलीच नाही. वेळ मात्र सांभाळा. सकाळी 8 ते 11 मुंबईच्या दिशेने आणि संध्याकाळी साडेपाच ते 9 परतीच्या दिशेने मुलाबाळांना घेऊन चढूच नका. दुपारी बारानंतर स्लो गाडी पकडा, खिडकी मिळते. सॅक पुढे घ्या. उतरायचं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधीच उठा आणि पुढच्याला विचारा, "दादर उतरणार का?" तो मान हलवतो आणि तुमची काळजी मिटते. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा. रविवारी मेगाब्लॉक असतो, आदल्या दिवशीच वेळापत्रक बघून ठेवा. एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही मिळतं.

आणि ठाण्याच्या पुढे गाडी आली की पोरांना सांगा, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे.

लालबाग

माझे वडील कापड गिरणीत, साचेखात्यात होते. आम्ही चाळीत राहायचो आणि शेजारच्या खोलीत गावमंडळाची, म्हणजे एकाच गावाहून आलेली माणसं. एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसऱ्या पाळीची त्याच जागेवर आडवी व्हायची. भोंग्यावर आमच्या आया भाकऱ्या टाकायच्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. घरातली भांडी कशी एकेक करून बाहेर गेली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कुणी गिरण्यांच्या जागेवरचे मॉल कौतुकाने दाखवतं तेव्हा मी पाहुण्याला म्हणतो, मान वर कर आणि गिरणीचं ते धुराडं, ती चिमणी बघ. लोअर परळच्या फिनिक्समध्ये ती अजून उभी आहे.

लालबागला यायचं तर मार्च ते मे या दिवसांत या. मसाला गल्लीत शिरण्याआधीच शिंका सुरू होतात. बेडगी मिरची रंगाला, शंकेश्वरी चवीला, पांडी तिखटाला. बाया मिरच्यांचे देठ बोटाने दाबून बघतात. कडक मोडला तर घेतात, नरम लागला तर परत गोणीत. सगळा जिन्नस तिथेच भाजून डंकावर कुटून मिळतो. मालवणी, आगरी, घाटी, ज्याचं त्याचं प्रमाण ठरलेलं आणि त्यावरून माणूस कुठल्या गावचा ते ओळखू येतं. कुटणाऱ्या पोराच्या पापण्यांवर लाल धूळ बसलेली असते, तरी हात थांबत नाही. जवळच चिवडा गल्ली आहे, परतीच्या प्रवासासाठी चिवडा तिथूनच घ्या. गणपतीत यायचं असेल तर पहाटे या किंवा सरळ गणेशगल्लीत जा. आणि भारतमाता टॉकीजला मराठी सिनेमा लागला असेल तर तो बघूनच जा.

वेसावे

आम्ही कोळी. मुंबईत आमच्याआधी कोण होतं ते विचारून बघा. वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, पावसाळ्यानंतर, थंडीच्या सुरुवातीला या. बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. जवळ जाऊन बघा: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी काठीवर टाकलेली असते, दोरी लागत नाही. हे काम आमच्या बायका बोलता बोलता करतात, नजर कामाकडे नसतेच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या म्हावऱ्यासाठी येऊन हिरमुसू नका. नारळी पुनवेला मात्र नक्की या, सोन्याचा नारळ वाजतगाजत निघतो. आणि नाकाला रुमाल लावून फिरू नका, एवढी विनंती. तो वास आमची भाकरी आहे.

नाशिक

शाळेची सहल दर वर्षी घेऊन येते. मुलांना सीएसएमटीत फक्त गाडीला आणू नका. ही इमारत स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने बांधली आणि तिच्यावरचं बरंचसं नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. मुलांना दगडातले प्राणी-पक्षी शोधायला सांगते: मोर, माकड, पाली. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, ते कुणीतरी शोधलं की केवढा आरडाओरडा होतो. तिथून चालत हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांची नावं तिथे वाचायला लावते. गेल्या खेपेला एका मुलीने स्वतःहून चप्पल काढली.

न्यू जर्सी

मुलं तिकडेच वाढलेली. त्यांना आधी घारापुरीला नेलं. सोमवारी लेणी बंद असतात, पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही. गेटवेहून साधारण तासाभराचा प्रवास. सकाळची पहिली बोट घ्या, म्हणजे त्रिमूर्तीसमोर गर्दीआधी उभं राहता येतं. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबा, मग मधला शांत चेहरा आणि एका बाजूचा उग्र चेहरा यांतला फरक दिसू लागतो. दुसऱ्या दिवशी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना फुटला आणि इथेच राहिला. पुढे तुकडे जोडून उभा केला. माझ्या मुलाने त्याचे सांधे हाताने चाचपून बघितले. संग्रहालय बुधवारी बंद असतं.

सांगली

सगळं वाचलं, धन्यवाद. आई-बाबांना जुलैत आणायचंय, आईचे गुडघे दुखतात. कसं जमेल?

दादर

जमेल, पण पूल चढायला लावू नका. रविवारी सकाळी सीएसएमटीहून 115 नंबरची दुमजली बस धरा, खालीच बसा. फोर्ट, मरीन ड्राइव्हचा परिसर बसल्या जागी दिसतो. जुलै आहे, तेव्हा पेपरात भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्यात जोराचा पाऊस असेल तर घरीच थांबा, गाड्या रखडतात. अशा दिवशी मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या चौपायांवर (टेट्रापॉडवर) कुणीही उतरू नये, बाबांनाही सांगा. हाजी अलीची वाटही भरतीला पाण्याखाली जाते. उघडीप असेल तर टॅक्सीने बाणगंगेला न्या. समुद्र हाकेवर असून तळ्याचं पाणी गोडं आहे. पायऱ्या उतरायची गरज नाही, वरच्या कट्ट्यावरून सगळं दिसतं. संध्याकाळी दादरला प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियुष. तिथे वाट बघायला लागते, आईंना टॅक्सीतच बसू द्या आणि तुम्ही नंबर लावा.