पप्पांना तेहिलीम (हिब्रू स्तोत्रं) वाचायला टॅब घेऊ की ई-रीडर? बजेट 12,000

ठाणेकरीण: शालोम मंडळी. पप्पा 76 वर्षांचे आहेत. रोज सकाळी तेहिलीम आणि आठवड्याचा पाराशा (तोरा या धर्मग्रंथाचा त्या आठवड्याचा भाग) वाचतात, पण छापील अक्षर आता दिसत नाही. पाताह हे स्वरचिन्ह म्हणजे नुसती आडवी रेघ, कामात्झ या स्वरचिन्हाला खाली बारीकशी शेपटी. ती शेपटीच दिसत नाही, मग चिडून पुस्तक मिटतात. हिब्रू निकुदसकट (स्वरचिन्हांसकट) मोठं दिसेल असं काय घेऊ? 12,000 च्या वर जमणार नाही.

अश्दोदकर: सरळ आयपॅड घ्या, मोठा. मी त्यावरच दाफ योमी करतो, म्हणजे रोज तलमूद या धर्मग्रंथाचं एक दाफ (पान) वाचतो. 14वी फेरी 5 जानेवारी 2020 ला सुरू झाली तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. 2711 दाफ आहेत, गंमत नाही. बजेट थोडं वाढवा, पप्पांसाठीच तर आहे.

ठाणेकरीण: काका, बजेट वाढणार नाही.

पनवेलवाला: ई-रीडर नको. मी घेतला होता. निकुदचे ठिपके शेजारच्या अक्षराखाली सरकलेले. एकाच अक्षरावर शिनचा (श) ठिपका उजवीकडे, सिनचा (स) डावीकडे. तो मधोमध आला तर माणसाने वाचायचं काय? कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आता कपाटात पडलाय.

दिमोनाची_मावशी: अगं, साधा दहा इंची अँड्रॉइड टॅब घे आणि त्यात सेफारिया हे अ‍ॅप टाक, फुकट आहे. तोरा, राशीचं भाष्य, तेहिलीम, तलमूद सगळं मिळतं. सेटिंगमध्ये निकुद चालू ठेव, टाअमीम (पठणाच्या सुरांच्या खुणा) बंद कर, म्हणजे अक्षराभोवतीची गर्दी कमी होते. पुस्तकं आधीच डाउनलोड कर, नेट नसलं तरी उघडतात.

अश्दोदकर: सेफारिया मी पण सांगणारच होतो. आयपॅडवर छान दिसतं.

रेवदंडा_मूळ: शब्बाथचं काय? विश्रांतीचा दिवस, यंत्र चालवायचं नाही. शुक्रवारी सूर्यास्ताला टॅब बंद, तो शनिवारी रात्रीपर्यंत. वाचायला निवांत वेळ असतो तो नेमका तोच दिवस. आमच्या आजोबांकडे राजपूरकरांनी मराठी केलेलं प्रार्थनापुस्तक होतं, त्याला चार्जर लागत नव्हता.

पनवेलवाला: आणि फोन खिशात घेऊन संडासात जातात लोक. त्यात परमेश्वराचं नाव असतं.

दिमोनाची_मावशी: पडद्यावरचं नाव कायमचं लिखाण धरत नाहीत रे, बहुतेक रब्बी तसंच सांगतात. अ‍ॅप बंद केलं की झालं. कागदाला मात्र गनिझा हवाच, म्हणजे तो फेकायचा नाही, पुरण्यासाठी वेगळा ठेवायचा.

अश्दोदकर: आमच्या इथले रब्बी फोन बाहेर ठेवायला सांगतात.

*(यावर दोघांची आणखी अकरा उत्तरं)*

ठाणेकरीण: सगळ्यांचे आभार. शेजाऱ्यांचा टॅब आणून पाहिला. पप्पांचा हात थरथरतो, बोट लागलं की पान पळतं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा त्यांनी टॅब उलटा ठेवला. म्हणून काहीच घेतलं नाही. सेफारियावरून मजकूर घेऊन 28 पॉइंटमध्ये मांडला, ए-थ्री कागदावर छापला आणि स्पायरल केला. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर पनवेलच्या दादांसारखंच झालं, निकुद सरकलं. घरून पीडीएफ करून नेलं तेव्हा नीट आलं. बिघडलेली पानं सिनेगॉगमध्ये गनिझासाठी दिली.

वारांप्रमाणे सात वह्या करायच्या आहेत. रेवदंडा काकांमुळे शब्बाथची आधी केली, स्तोत्र 120 ते 150. पाराशा मी रोज संध्याकाळी माझ्या फोनवरून वाचून दाखवणार आहे. काल पप्पांनी 121 वं आणि 122 वं खिडकीपाशी बसून मोठ्याने वाचलं, एकदाही अडखळले नाहीत.

अश्दोदकर: तरी टॅब लागेलच पुढे.

रेवदंडा_मूळ: पोरी, ते पीडीएफ इथे टाक. माझी पण तीच अवस्था आहे.

दिमोनाची_मावशी: मला पण. रविवारची वही झाली की तीही.