लिटल नॅव्हमॅपवर माझं विमान दिसतच नाही

कोथरूडकर: मंडळी, एक्स-प्लेन १२ या विमान उडवायच्या सिम्युलेटरवर लोहगावहून उठतो, खडकवासल्यावरून वळसा घालून मुंबईला निघतो. दुसऱ्या मॉनिटरवर लिटल नॅव्हमॅप हे नकाशाचं सॉफ्टवेअर टाकलंय. लोहगावची १०-२८ धावपट्टी वगैरे सगळं झकास दिसतं, फक्त माझं विमान नकाशावर येत नाही. काल ढगात अंदाजपंचे उडवताना सिंहगडाच्या कड्यालाच टेकलो. बायको म्हणते, रिक्षावाल्याला रस्ता विचारायचा! काय चुकतंय?

रात्रपाळी पायलट: एक्स-प्लेनला नॅव्हमॅपशी जोडणारं लिटल एक्सपीकनेक्ट प्लगइन टाकलंत का? नॅव्हमॅपसोबतच येतं. ते अख्खं फोल्डर एक्स-प्लेनच्या ‘रिसोर्सेस’मधल्या ‘प्लगइन्स’मध्ये टाका, मग एक्स-प्लेन पुन्हा सुरू करा.

पेठेतला: पुढे कधी नकाशा वेगळ्या लॅपटॉपवर नेलात तर विमान उडतं त्या कॉम्प्युटरवर लिटल नॅव्हकनेक्ट हा विमानाची माहिती नेटवर्कवरून पाठवणारा प्रोग्राम चालवावा लागेल. पोर्ट ५१९६८. आधी फायरवॉल बघा. माझा अख्खा रविवार त्यात गेला.

कोथरूडकर: अख्खं फोल्डर होय! मी आतली एकच फाइल उचलली होती. आत्ता विमान मुळशीच्या पाण्यावर सरकताना दिसतंय. पोहे गार झाले, पण चालतंय.