शब्दचर्चा : समतोल, संतुलन आणि इष्टतमीकरण

प्रश्न (दादर) : वाहतुकीच्या गणितावरील एका लेखाचे मराठीकरण करताना मी ‘इक्विलिब्रियम’साठी ‘संतुलन’ आणि ‘ऑप्टिमायझेशन’साठी (सर्वांत चांगला पर्याय गणिताने शोधणे) ‘इष्टतमीकरण’ योजले. ‘इष्टतमीकरणाने संतुलन काढता येते’ या वाक्याशेजारी संपादकांनी समासात लिहिले आहे, ‘मग संतुलन म्हणजेच सर्वांत चांगली स्थिती ना?’ चूक शब्दांची की माझी?

उत्तर (मुलुंड) : ताई, शब्दांचीच. ‘संतुलित विकास’, ‘मानसिक संतुलन’ यांमुळे ‘संतुलन’ ऐकताच काहीतरी चांगले असणार असे वाटते. ‘समतोल आहार’ आहेच, त्यामुळे ‘समतोल’ही यातून पुरता सुटलेला नाही, परंतु अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी तो रुळवला असल्याने मी तोच घेईन. वाहतुकीचे ब्रिटिश अभ्यासक वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली मांडलेला वाहतुकीचा समतोल इतकाच, की एकट्याने रस्ता बदलून कोणाचाही वेळ वाचत नाही.

मानू या, वांद्र्याहून अंधेरीला ६० गाड्या निघाल्या. एस. व्ही. रोडने नेहमी ६० मिनिटे लागतात आणि हायवेने तिथे जितक्या गाड्या तितकी मिनिटे. (खऱ्या हायवेशी याचा संबंध लावू नये.) हायवे कधीच अधिक वाईट ठरत नसल्याने सगळे तिकडे वळतात आणि प्रत्येकाला ६० मिनिटे लागतात, हा समतोल. निम्म्या-निम्म्या गाड्या दोन्हीकडे गेल्या असत्या, तर सरासरी ४५ मिनिटांवर आली असती, हे इष्टतम.

बेकमन, मॅकग्वायर आणि विन्स्टन या अभ्यासकांनी १९५६ साली दाखवले, की समतोलही एक राशी लघुतम करून मिळतो. मात्र ती राशी म्हणजे एकूण वेळ नव्हे. हायवेवर ‘क्ष’ गाड्या धरल्यास एकूण वेळात ‘क्ष’चा वर्ग येतो, त्यांच्या राशीत त्याचा निम्मा, आणि तेवढ्यानेच उत्तर ३० गाड्यांवरून ६० वर जाते. ‘इष्ट’ म्हणजे इच्छिलेले. ही राशी लघुतम व्हावी अशी इच्छा रस्त्यावरच्या कोणाचीच नसते. म्हणून इथे ‘लघुतमीकरण’ लिहावे. लसावि शिकलेल्या कोणालाही ‘लघुतम’ नवा नाही.

प्रत्युत्तर (बोरिवली) : सर, मान्य, तरी गणिताच्या या शाखेचे नाव ‘इष्टतमीकरण’ राहू द्यावे. शिवाय बसमुळे मोटारींचा होणारा खोळंबा आणि मोटारींमुळे बसचा होणारा खोळंबा सारखा नसेल, तर अशी राशी सहसा हाती लागत नाही. तेव्हा ‘व्हेरिएशनल इनइक्वॅलिटी’ (कोणताही बदल फायद्याचा ठरत नाही, असे सांगणारी असमानता) मांडून पायरीपायरीने उकल काढतात, आणि तिथे ‘लघुतमीकरण’ही चुकेल.

प्रश्नकर्ती : वाक्य असे केले आहे : ‘काही वेळा विशिष्ट राशीच्या लघुतमीकरणाने समतोल काढता येतो.’ आता ‘विशिष्ट’ या शब्दाशेजारी समासात काहीतरी येईलच.