ठोकळे ग्रुप: ते विचित्र पार्ट ठेवायचे की देऊन टाकायचे?

अद्वैत ए-१०४: क्लबरूममधला लेगोचा मोठा डबा आज पूर्ण उपसला. दिवाळीच्या सिंधुदुर्गाला लागतील ते साधे ठोकळे आणि पातळ प्लेटा वेगळ्या काढल्यात. बाकी राहिलं ते म्हणजे एकसंध होडीचं बूड, मोठे पोकळ खडक, गाडीची बॉनेटं, बेडूक, दांडे, कसल्या कसल्या क्लिपा. हे बी विंगच्या पोरांना देऊन टाकू का? किल्ल्यात त्याचं काही काम नाही

मुग्धा बी-२०२: मला चालेल. जो पार्ट एकाच कामाचा तो आपल्या कामाचा नाही. टू बाय फोरचे (वर चार-चार स्टडच्या, म्हणजे गोल उंचवट्यांच्या, दोन ओळी) एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ९१,५१,०३,७६५ प्रकारे जुळतात, कंपनी स्वतः सांगते हा आकडा. मग बॉनेट हवंय कशाला

निनाद सी-३०१: अरे थांबा, काही देऊ नका अजून 🙏 संध्याकाळी घरी आलो की सविस्तर लिहितो

सावंत काका ए-००२: ती होडी खंय टाकू नको रे बाबा. मी बालदीत सोडून बघलंय, मस्त तरंगता

अद्वैत ए-१०४: काका होडी ठेवतो 😀 पण निनाद दादा, लेगोवाल्यांचंच बघ ना. २००३-०४ ला कंपनी बुडायला आली होती आणि त्याचं एक कारण हेच की पार्टचे प्रकार १२ हजारांच्या वर गेले होते. एकेका सेटसाठी नवा साचा आणि स्टीलचा साचा म्हणजे केवढा खर्च. नवीन सीईओ आला त्याने ते सात हजारांच्या आसपास आणले. त्यांनीच छाटले तर आपण का साठवतोय

निनाद सी-३०१: आलो. अद्वैत तुझा मुद्दा बरोबर आहे पण तो कारखान्याचा हिशेब झाला रे, आपल्याला साचा बनवायचा नाहीये, पार्ट डब्यात आयता पडलाय. आपण एवढंच बघायचं की तो दुसऱ्या पार्टला कुठे आणि किती ठिकाणी जोडता येतो. दिसतो कसा ते विसरून जा. बेडूक घे हातात, उलटा कर, खाली साध्या एक स्टडच्या ठोकळ्यासारखीच जोडणी आहे, म्हणजे एक स्टडचा ठोकळा जिथे बसतो तिथे बेडूक बसतो. २०२१ च्या बोन्सायच्या सेटमध्ये झाडाचा चेरीचा बहर गुलाबी बेडकांचा केलाय, लांबून फुलंच वाटतात. आपल्याकडचे हिरवे बेडूक तटाच्या पायथ्याला शेवाळ म्हणून लावूया, एकदम वेगवेगळ्या बाजूंना तोंडं करून. सारख्या प्लेटा लावून तसा खडबडीतपणा येणारच नाही.
आता क्लिप आणि दांडा. हे दोन तर सोन्यासारखे जपा. काकांच्या होडीला उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला असतो तो लांब दांडा) कशी करणार साध्या ठोकळ्यांनी? मी मघाशी करून बघितली: दोन दांडे आडवे, होडीच्या काठावरच्या क्लिपांत धरलेले, त्यांच्या बाहेरच्या टोकांना परत क्लिपा आणि त्या क्लिपांत लांब दांडा होडीला समांतर. क्लिप दांड्यावर फिरते म्हणून उलांडी वर-खाली करून बरोब्बर पाण्याच्या पातळीला आणता येते. फोटो टाकतो

मुग्धा बी-२०२: फोटो बघितला, भारीच दिसतेय ती. बरं क्लिपा मान्य. पण ते मोठे खडक? किती कुरूप आहेत ते, इंग्रजीत त्यांना बिग अग्ली रॉक पीसच म्हणतात 🙈 सगळे एकाच साच्यातले, चार शेजारी शेजारी ठेवले की लगेच कळतं

निनाद सी-३०१: ताई, कुरूप आहेत हे मी पण म्हणतो आणि दर्शनी बाजूला मी ते लावणारच नाही. पण सिंधुदुर्ग ज्यावर आहे त्या कुरटे बेटाचा खडक करायचाय आपल्याला, त्याचा आतला भराव साध्या ठोकळ्यांनी केला तर निम्मा डबा तिथेच संपेल. खडक आतून पोकळ, वर स्टड आहेत, त्यावर तट उभा राहतो. मागच्या बाजूला आणि पोटात हे, पुढे स्लोप (तिरक्या उताराचे ठोकळे) आणि वेड्यावाकड्या प्लेटांनी हाताने केलेला खडक

अद्वैत ए-१०४: ओके. पण तट तरी साध्या ठोकळ्यांचाच. दोन स्टडचा ठोकळा, एक गोल ठोकळा, परत दोनचा असं आलटून पालटून आणि वरचा थर एक स्टड सरकवून लावला की भिंत वळते. एक पण स्पेशल पार्ट नाही लागला, बघ करून

निनाद सी-३०१: केलंय मी, जबरदस्त आहे ते आणि सिंधुदुर्गाचा नागमोडी तट त्यानेच करायचा यात वादच नाही. पण ती भिंत एका मर्यादेपर्यंतच वळते, मोठ्या घेराला उत्तम, छोट्या बुरुजाला ठोकळ्यांचे कोपरे एकमेकांना लागतात आणि फटी पडतात. आणि मुख्य दरवाजा तर दोन बुरुजांच्या मध्ये असा लपवलाय की समुद्रातून दिसत नाही, तिथे घट्ट वळण पाहिजेच. तिथे पाव वर्तुळाचे ठोकळे लागतील, चार जोडले की एक बुरूज. माझ्या घरचे सगळे आणतो

केतकी बी-४०३: मी आत्ताच सगळं वाचलं. निनाद ते हेडलाइटवाले ठोकळे पण दिसले मला डब्यात, ज्यांना एका बाजूला पण स्टड असतो. त्याने दगडी पट्टी आडवी लावता येईल ना?

निनाद सी-३०१: होssss केतकी तेच!! मूळ गाडीच्या दिव्यासाठी केलेला पार्ट आणि आज बिल्डर लोकांचा सगळ्यात लाडका. बाजूच्या स्टडवर प्लेटा आडव्या लावायच्या. माप पण बसतं, एक प्लेट ३.२ मिमी जाड, पाच प्लेटा म्हणजे १६ मिमी आणि दोन स्टडच्या ठोकळ्याची लांबी पण १६ मिमीच. त्यामुळे आडवं काम उभ्या कामात फट न पडता बसतं. १९५८ च्या पेटंटपासूनचे ठोकळे आजच्यात बसतात ते असं माप सांभाळल्यामुळेच

मुग्धा बी-२०२: मग बॉनेट? त्याचं काय करणार सांग

निनाद सी-३०१: बॉनेट छोट्या मचव्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लावून बघू, तो बाक छान आहे. नाही जमलं तर बॉनेट पोरांना. सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही, ज्याला एकच जोडणी आहे आणि आकार पण दुसऱ्या कशाला लागत नाही तो जाऊ दे

सावंत काका ए-००२: होडी ठोकळ्यांची करशात तर फटींतून पाणी शिरतला. एकसंधच ठेवा. परातीत पाणी घालून समुद्र करूया

अद्वैत ए-१०४: काका परात तुमच्याकडून 👍 दादा मी परत लावतो मग, रंगाप्रमाणे नको ना? क्लिपा-दांडे एका डब्यात, बाजूला स्टडवाले दुसऱ्यात, बिजागरीचे तिसऱ्यात, खडक पोत्यात

निनाद सी-३०१: एकदम बरोबर. आणि गोल एक-स्टडवाले सगळ्यांनी घरी शोधा प्लीज, तटाला खूप लागणार आहेत. पावसाळाभर बंद डब्यात राहिलेत त्यांना बुरशी असेल तर कोमट पाण्यात साबण घालून धुवा, कडक पाणी नको आणि उन्हात पण वाळवू नका, सावलीतच. मेकॅनिक्सचे (धातूच्या पट्ट्या जोडायचा खेळ) नट-बोल्ट मात्र धुऊ नका कोणी, खाऱ्या हवेने आधीच गंजलेत ते

केतकी बी-४०३: माझ्याकडे गोल आहेत बरेच, पण पांढरे आणि पिवळे

निनाद सी-३०१: आण, तटाच्या आतल्या बाजूला लावू