मदत हवी आहे: जामीनदारामुळे कर्ज नामंजूर, पत्रात कारण कसं लिहू?

नागपुरात इतवारीतल्या एका पतसंस्थेत कर्जाचं काम बघते. एका पोराचा ई-रिक्षाच्या कर्जाचा अर्ज नामंजूर झाला. त्याचा सिबिल स्कोअर चांगला. अडलं ते जामीनदार असलेल्या सख्ख्या काकांच्या थकीत हप्त्यांवर. पोरगा काउंटरवर हात टेकून विचारत होता, "मॅडम, माझं काय चुकलं?" काका मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेले. माझ्या तोंडून शब्द निघेना.

२००५ च्या क्रेडिट माहिती कायद्यानं काकांची माहिती गोपनीय आहे, पण पोराला कारणच न सांगणं हाही अन्याय. 'सध्याचा जामीनदार निकषात बसत नाही, दुसरा द्या' एवढंच लिहिलं तर चालेल का? की तेवढ्यानंही काकांची झाकली मूठ उघडते? काकांना एकटं बोलावून, वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट त्यांनीच काढून बघावा, असं सांगणार आहे. तुमच्या संस्थेत पत्राचा मजकूर नेमका कसा असतो? सोमवारी पत्र द्यायचंय.