अ‍ॅनालॉग सिंथ विकले ते चुकलंच, असं माझं स्पष्ट मत

पंचगंगाकाठ

१९८७ ते १९९६ अशी नऊ वर्षं माझ्याकडे कॉर्गचा पॉलीसिक्स होता, म्हणजे नॉब फिरवून विजेच्या सर्किटमधून आवाज घडवायचा अ‍ॅनालॉग सिंथ (सिंथेसायझर). मुंबईहून सेकंडहँड आणला होता. दोन गणपती आणि एक लग्नसराई, एवढी बिदागी त्यात गेली. पुढं ऑर्केस्ट्रावाल्यांना तयार आवाजांचा कीबोर्ड हवा झाला, म्हणून तो देऊन टाकला. परवा भाच्यानं लॅपटॉपवर त्याच पॉलीसिक्सचं सॉफ्टवेअर लावलं (ते कॉर्गनंच २००४ मध्ये काढलंय) आणि विचारलं, "मामा, असाच वाजायचा का?" आवाज तोच होता. माझा डावा हात मात्र टेबलावर नॉब शोधत राहिला.

एकदा केशवराव भोसले नाट्यगृहात नांदीला सनई हवी होती. पॉलीसिक्सवर सनई नावाचं बटणच नव्हतं. पल्स नावाच्या मूळ लहरीची रुंदी कमी करत नेली की आवाज नाकात यायला लागतो. मग फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा) थोडा उघडायचा, रेझोनन्स (त्या धारेला उठाव देणारा) कणभर द्यायचा. सूर थेट लावायचा नाही. डाव्या अंगठ्यानं सूर खाली-वर करायचं व्हील खाली ओढून ठेवायचं आणि षड्जावर हळूच सोडायचं. चार संध्याकाळी गेल्या त्यात. सिंथच्या मेमरीतल्या ३२ जागांपैकी एका जागेवर ती सनई ठेवली, वर कॅसेटवरही उतरवली. ती कॅसेट साध्या टेपवर लावली की नुसती किर्रकिर्र ऐकू यायची; त्या किर्रकिर्रीत, सिंथला कळणाऱ्या खुणांत, माझे ३२ आवाज होते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृह जळालं, त्या रात्री मला विंगेतली ती जागाच डोळ्यांसमोर दिसत होती. प्रयोगाच्या अर्धा तास आधी मी तिथं सिंथ चालू करून ठेवायचो, तापून सुरात यावा म्हणून.

नवा कीबोर्ड आला आणि आम्ही आवाजाचे नंबर पाठ करायला लागलो. सनई घडवायची गरजच उरली नाही. एका नॉबला एकच काम असायचं, म्हणून कानाला आणि हाताला कळायचं की आपण काय बदललं. ते यंत्र विकलं तेव्हा आम्ही ही विद्याच विकली. ज्यांच्याकडं अजून आहे त्यांनी कुठल्याही भावाला देऊ नये.

ऑक्टोपॅडवाला

दादा, तुमच्याविषयी आदर आहे, पण हे मला पटत नाही. मी त्याच काळात तुमच्यासारख्यांच्या शेजारी बसून ताल वाजवलाय. तुम्हाला सनई आठवते, मला एका गावच्या जत्रेतली रात्र आठवते. डोक्यावर हॅलोजन, खाली उघडं मैदान. तिसऱ्या गाण्यापर्यंत सिंथचा सूर हार्मोनियमपासून सुटला होता. हार्मोनियमची पट्टी पक्की, ती काय सरकणार? गाणाऱ्या बाईंनी दोनदा मागं वळून बघितलं आणि तिसऱ्यांदा मधेच थांबल्या. पुढची सुपारी आम्हाला मिळाली नाही.

दुसरं असं की पॉलीसिक्सची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. गझलेत, भावगीतात वादकानं जीव ओतायचा कुठून? यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथ १९८३ मध्ये आला. बोटाचा जोर त्याला कळायचा, १६ सूर एकत्र धरायचा आणि रात्रभर सुरात राहायचा. लोक अ‍ॅनालॉगकडून तिकडं गेले ते वेडे नव्हते. श्रोत्यानं तिकीट काढलेलं असतं, त्याला गाणं रेकॉर्डसारखं ऐकायचं असतं. तुम्ही विकलात ते योग्यच केलंत.

जवारी

मी मिरजेत सतारमेकर गल्लीत लहानाची मोठी झाले, आता कोल्हापुरात असते. ऑक्टोपॅडवाले, तुम्ही ज्याला दोष म्हणताय त्यावर मला बोलायचंय.

तंबोऱ्याची जवारी (तार जिथं घोडीवर टेकते तो घासून तयार केलेला भाग) तारेच्या घासण्यानं झिजते. ती पुन्हा काढावी लागते, दोरा इकडंतिकडं करून सूर खुलवावा लागतो. त्यासाठी तंबोरा भंगारात काढा असं इथल्या देवल क्लबात (गायनाच्या संस्थेत) कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. पॉलीसिक्समध्ये सहा स्वतंत्र आवाज असतात आणि प्रत्येकाचा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं सर्किट) वेगळा. एकच पट्टी पुन्हापुन्हा दाबली की दर वेळी पुढचा आवाज पाळी घेतो, म्हणून तोच षड्ज केसभर वेगळा येतो. माझ्या काकांच्या सिंथवर मी लहानपणी हा खेळ तासनतास केलाय. एकच पट्टी आणि सहा षड्ज!

आणि या यंत्रांवर आपलं संगीत वाजत नाही, असंही नाही. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ (बेस सिंथ), टीआर-८०८ (तालयंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) यांवर दहा राग वाजवले. ३०३ ला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, म्हणून मींडीचा भास होतो. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले.

ऑक्टोपॅडवाला

ताई, ते सगळं स्टुडिओत झालं. तंबोरा मैफलीच्या मध्येही जुळवून घेता येतो. जत्रेच्या स्टेजवर, चालू गाण्यात सहा ऑसिलेटर कोण जुळवणार?

सोल्डर_उद्यमनगर

भावांनो, दोन्हीकडून थोडी चूक होतेय. सगळे अ‍ॅनालॉग सिंथ सुरातून ढळत नाहीत. रोलंडच्या जुनो-६० आणि जुनो-१०६ मध्ये ऑसिलेटरची कंपनं डिजिटल घड्याळावरून ठरतात, त्यामुळं सूर घट्ट राहतो. त्यांची ऊब येते फिल्टरमधून आणि आवाज दाट करणाऱ्या त्या कोरस सर्किटमधून. तेव्हा "सूर हलतो म्हणून आवाज गोड" हे सरसकट खरं नाही, आणि "अ‍ॅनालॉग म्हणजे बेसूर" हे तर नाहीच नाही.

माझ्या टेबलावर आलेली बहुतेक यंत्रं वाजवून बिघडलेली नव्हती, ठेवून बिघडलेली होती. पॉलीसिक्सचंच घ्या. आवाज लक्षात ठेवायला आत निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. वय झालं की ती पाझरते. मी उघडलेल्या एका बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली होती. ब्रशनं झाडली तर खालची तांब्याची रेघच निघून आली. व्हिनेगरनं धुतलं, पाण्यानं धुतलं, वाळवलं. मग केसासारख्या तारा लावून एकेक रेघ पुन्हा जोडली. अकरा जोड दिले. जुनो-१०६ मध्ये वेगळीच भानगड. आवाजाच्या चिपांवर जो लेप दिलेला असतो तोच कालांतरानं चिपा मारतो, मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून तो सोडवावा लागतो.

आणखी एक दुखणं. जपानी बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० वर थेट लावलं की संपलं. असे दोन ट्रान्सफॉर्मर मी स्वतः बदललेत.

माझं मत? वाजवणार असाल तर ठेवा. माळ्यावर टाकणार असाल तर वाजवणाऱ्याला द्या. पंचगंगाकाठ म्हणतात ते "कुठल्याही भावाला देऊ नका" मला मान्य नाही.

शाहूपुरी_तळमजला

२०१९ च्या महापुरात माझा जुनो-१०६ चार दिवस पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर पट्ट्या काढल्या तर प्रत्येकीखाली गाळाची वडी बसलेली. वाचला नाही.

मी आज सॉफ्टवेअरवर वाजवतो आणि त्याची मला लाज नाही. ते नसतं तर माझं वाजवणं त्या ऑगस्टातच थांबलं असतं. जो वाद घालायचा तो घाला, पण सॉफ्टवेअरवाल्याला कमी लेखू नका.

कळंबा_२२

मी बावीस वर्षांची आहे, खरा पॉलीसिक्स मी कधी पाहिलेला नाही. पंचगंगाकाठ काकांनी वर सनईची कृती दिली आहे, ती मी काल रात्री फोनवरच्या एका साध्या सिंथवर करून बघितली. पल्स अरुंद, फिल्टर थोडा उघडा, रेझोनन्स कणभर. वीस मिनिटांत नाकातला आवाज मिळाला! षड्जावर हळूच सोडणं मात्र जमलं नाही. काचेवर बोट कुठं थांबलं ते अंगठ्याला कळत नाही.

काका, म्हणजे विद्या विकली गेली नाही ना? तुम्ही ती आत्ता मला दिलीत. मला हे शिकायला लाखाचं यंत्र लागत असतं तर मी शिकलेच नसते.

पंचगंगाकाठ

कळंबा, तुझं वाचून मी माझं एक वाक्य मागे घेतो. विद्या यंत्राबरोबर गेली असं म्हणायला नको होतं. आम्ही ती कुणाला सांगितली नाही, तो आमचा दोष. व्हील असलेला एखादा छोटा कीबोर्ड फोनला जोड. अंगठा व्हीलच्या कडेवर ठेव, मधोमध नको.

ऑक्टोपॅडवाले, जत्रेची ती रात्र खरीच असणार, असल्या रात्री मीही काढल्यात. तरी ९६ ला विकला ते चुकलंच, एवढं म्हणणं मी सोडत नाही. दोन्ही ठेवता आले असते. घरात जागा होती.

कागलचा_पाहुणा

सगळं वाचलं. आमच्या वडिलांचा पॉलीसिक्स पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर आहे. वीसेक वर्षं कुणी हात लावलेला नाही. उद्या रविवार आहे, खाली काढून चालू करून बघू का?

सोल्डर_उद्यमनगर

चालू करू नका. प्लग लावूच नका. आधी मागची पट्टी बघा, १०० लिहिलंय की २२०-२४०. मग आहे तसा उद्यमनगरात घेऊन या. बॅटरी कापून बाहेर काढल्याशिवाय मी त्याला वीज देणार नाही. आणि पेटीत एखादी कॅसेट सापडली तर ती टाकू नका, तीही आणा. वडिलांचे आवाज त्यात असतील.